घोट्याची दुखापत, एक्स-रे आणि कोड: ऑडिटमध्ये परत आलेल्या एका चार्टचा उलगडा

तुम्ही कोड केलेला (निदान आणि तपासण्या बिलासाठी ठरावीक कोडमध्ये लिहिलेला) चार्ट, म्हणजे रुग्णाची वैद्यकीय नोंद, आणि त्यावरचे ऑडिटचे, म्हणजे फेरतपासणीचे, शेरे मी दोनदा वाचले. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी प्रकरण थोडक्यात मांडतो. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात २४ वर्षांचा तरुण आला. बास्केटबॉल खेळताना त्याचा उजवा पाय मुरगळला होता. डॉक्टरांनी घोट्याच्या बाहेरच्या बाजूला सूज आणि दाबल्यावर वेदना नोंदवली, पाचव्या मेटाटार्सलच्या (पावलातील करंगळीकडच्या लांब हाडाच्या) बुडाशीही दुखत असल्याचे लिहिले, आणि घोट्याचे तीन व पावलाचे तीन व्ह्यू (वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले एक्स-रे) मागवले. रेडिओलॉजिस्टने पावलाचा एक्स-रे निर्दोष ठरवला. घोट्याच्या अहवालात मात्र ‘स्पष्ट अस्थिभंग दिसत नाही, लॅटरल मॅलिओलसच्या टोकाशी बारीक अव्हल्शन फ्रॅक्चर असण्याची शक्यता’ असे लिहिले, म्हणजे घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्यावरून हाडाचा कण सुटलेला असू शकतो. आपत्कालीन डॉक्टरांचे अंतिम निदान होते ‘उजव्या घोट्याच्या अँटिरियर टॅलोफिब्युलर लिगामेंटचा स्प्रेन, श्रेणी २’, म्हणजे हाडे जोडणाऱ्या बाहेरच्या बाजूच्या एका पट्ट्याची ताणाने झालेली दुखापत. त्यांनी पोटरीपासून पावलापर्यंत प्लास्टरचा स्प्लिंट बांधला. सहा आठवड्यांनी वेदना कायम असल्याने अस्थिरोगतज्ज्ञांनी कॉन्ट्रास्टशिवाय (प्रतिमा ठळक करणारे औषध न टोचता) एमआरआय करवला, आणि त्यात त्याच लिगामेंटची अर्धवट फाट आढळली.

पहिल्या भेटीसाठी तुम्ही एम २५.५७१ (घोट्याची वेदना), एस ९३.४०१ ए (स्प्रेन) आणि एस ८२.६४ एक्स ए (अस्थिभंग) हे तीन निदान-कोड दिले, एक्स-रेसाठी फक्त ७३६१० दिला, आणि एमआरआयसाठी ७३७१८ देऊन त्याला स्प्रेनचाच कोड सातव्या स्थानी ‘डी’ लावून जोडला. ऑडिटने जवळपास सगळेच खोडले. तुमचा प्रश्न असा की, रेडिओलॉजिस्टने स्वतः अव्हल्शन लिहिलेले असताना ते सोडून देणे म्हणजे माहिती लपवणे नव्हे काय, आणि एकाच घोट्यासाठी इतके बारीक भेद कशासाठी.

तुम्ही फिजिओथेरपीच्या पदवीधर आहात, आणि या चार्टमध्ये अडचण नेमकी त्यामुळेच झाली, असे मला वाटते. घोटा आत वळल्यावर लिगामेंट ताणले जाते आणि कधीकधी हाडाचा कण सोबत घेऊन सुटते, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून अहवालातील ‘शक्यता’ तुम्हाला खरी वाटली. परंतु रुग्णाला काय झाले असावे, हे ठरवणे कोडरचे काम नाही. त्या भेटीत, त्या डॉक्टरने, स्वतःच्या सहीने काय निश्चित केले, तेवढेच कोडमध्ये उतरायला हवे. त्याहून जास्त नको आणि कमीही नको. तुमच्या चार्टमधील प्रत्येक चूक या दोनपैकी एका बाजूची आहे.

आधी जास्तीची बाजू घेऊ. आयसीडी-१०-सीएमच्या (अमेरिकेतील निदान-कोडच्या यादीच्या) अधिकृत मार्गदर्शक सूचनांच्या चौथ्या भागात बाह्यरुग्ण सेवांचे नियम आहेत, आणि आपत्कालीन विभागातून घरी गेलेला रुग्ण त्यात मोडतो. ‘संभाव्य’, ‘संशयित’, ‘नाकारण्यासाठी तपास’, ‘याच्याशी सुसंगत’ अशा शब्दांनी व्यक्त झालेले निदान तेथे कोड करायचे नसते. त्या भेटीत जितकी खात्री झाली असेल तितक्या पातळीवर, म्हणजे गरज पडल्यास लक्षणावरच, थांबायचे असते. ‘सुसंगत’ हा शब्द अनुभवी कोडरांनाही फसवतो, कारण रेडिओलॉजिस्ट तो बऱ्याचदा जवळजवळ खात्रीच्या अर्थाने वापरतात. नियम मात्र शब्दाकडे पाहतो. अंतर्गत भरती झालेल्या रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी अनिश्चित निदान ते अस्तित्वात असल्याप्रमाणे कोड करता येते. तो नियम रुग्णालयाच्या भरतीच्या बिलासाठी आहे, आणि दोन्हींची गल्लत झाली की असा एस ८२ चार्टमध्ये शिरतो.

याला माहिती लपवणे म्हणता येणार नाही, कारण रेडिओलॉजिस्टचा शब्द अहवालात जसाच्या तसा राहतो आणि पुढचा डॉक्टर तो वाचू शकतो. उलट कोड एकदा क्लेममध्ये (विमा कंपनीकडे जाणाऱ्या बिलात) गेला की त्यातली ‘शक्यता’ गळून पडते आणि २४ वर्षांच्या मुलाच्या नावावर ‘फिब्युलाच्या लॅटरल मॅलिओलसचा न सरकलेला अस्थिभंग’ कायमचा लागतो. पुढे विमा कंपनी किंवा एखादा नवा डॉक्टर ती यादी पाहील, तेव्हा खुलासा करायला आपण तेथे नसू. ही गोष्ट मी फार गांभीर्याने घेतो.

एम २५.५७१ बद्दल थोडे वेगळे सांगावे लागेल, कारण तो कोड या प्रकरणात एका जागी चूक आहे आणि दुसऱ्या जागी बरोबर. उजव्या घोट्याची वेदना हे स्प्रेनचे नेहमीचे लक्षण आहे. स्प्रेन निश्चित झाल्यावर वेदना वेगळी कोड करायची नसते. म्हणून आपत्कालीन डॉक्टरांच्या क्लेममधून तो काढला, हे योग्य. रेडिओलॉजिस्टचा क्लेम मात्र स्वतंत्र असतो. त्यांनी फिल्म वाचली, निश्चित असे काही सापडले नाही, आणि तपासणीच्या मागणीवर ‘पाय मुरगळल्यानंतर वेदना’ एवढेच कारण होते. अशा वेळी तपासणीचे कारणच निदानाच्या जागी जाते, आणि तेथे एम २५.५७१ शोभतो. मागणीवर वेदनेचा उल्लेख नसून फक्त ‘घोट्याला दुखापत’ असते, तर एस ९९.९११ ए घेतला असता. त्याच रुग्णाच्या, त्याच तासातल्या दोन क्लेमवर दोन निराळे निदान-कोड असणे नवख्या कोडरला विसंगत वाटते; प्रत्येक डॉक्टर स्वतःला जे कळले त्याचीच साक्ष देतो, हे ध्यानात घेतले की ती विसंगती उरत नाही.

आता कमीची बाजू. एस ९३.४०१ म्हणजे उजव्या घोट्याच्या अनिर्दिष्ट लिगामेंटचा स्प्रेन. डॉक्टरांनी लिगामेंटचे नाव लिहून दिलेले असताना आपण अनिर्दिष्ट म्हणायचे, हे त्यांची नोंद पुसण्यासारखे आहे. एस ९३.४ या गटात कॅल्केनिओफिब्युलर लिगामेंटसाठी ९३.४१, आतल्या बाजूच्या डेल्टॉइडसाठी ९३.४२ आणि टिबिओफिब्युलरसाठी ९३.४३ आहे, खेळाडूंच्या चार्टमध्ये ज्याला ‘हाय अँकल स्प्रेन’ म्हणतात तो सिंडेस्मोसिसचा (पिंडरीची दोन हाडे खाली जोडणाऱ्या बंधाचा) स्प्रेन या शेवटच्या ठिकाणी जातो. सर्वाधिक दुखावणारे टॅलोफिब्युलर लिगामेंट मात्र स्वतःच्या नावाच्या शीर्षकाखाली नाही. ते ‘घोट्याचे इतर लिगामेंट’ या ९३.४९ खाली समाविष्ट आहे. यादी वरवर चाळणारा कोडर नाव न दिसल्याने अनिर्दिष्टाकडे वळतो, आणि तुमच्याकडूनही हेच झाले असावे. सहावे चिन्ह उजव्यासाठी १, डाव्यासाठी २ आणि बाजू लिहिलेली नसेल तर ९. म्हणजे तुमचा कोड एस ९३.४९१ ए. श्रेणी १, २ किंवा ३ यांना या कोडमध्ये जागा नाही, आणि पूर्ण फाट असली तरी गट बदलत नाही, कारण लिगामेंटची आघाताने झालेली फाट एस ९३ मध्येच धरलेली आहे. दुखापत जुनी होऊन घोटा वारंवार दगा देऊ लागला, आणि डॉक्टरांनी ‘जुनाट अस्थिरता’ असे लिहिले, तर एम २५.३७ किंवा लिगामेंटच्या विकारासाठी एम २४.२७ या गटांकडे पाहावे.

आपल्या बोलीत ‘पाय मुरगळला’, ‘पाय लचकला’ एवढ्यात सगळे येते. लिगामेंट ताणले की स्नायूची दोरी, हे कुणी वेगळे सांगत नाही. जुन्या आयसीडी-९-सीएममध्येही साधारण तसेच होते: ८४५.० या गटात घोट्याचा स्प्रेन आणि स्ट्रेन एकत्र होते आणि उजवे-डावे नव्हतेच. १ ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत आयसीडी-१०-सीएम लागू झाले आणि हा सैलपणा संपला. लिगामेंटचा स्प्रेन एस ९३.४ मध्ये, घोटा व पावलाच्या पातळीवरील स्नायू-टेंडनचा स्ट्रेन एस ९६ मध्ये, आणि अकिलीस टेंडनची दुखापत मात्र पिंडरीच्या एस ८६.० मध्ये. हा बदल झाला तेव्हा मला कोडर होऊन चार वर्षे झाली होती, आणि पहिल्या काही महिन्यांत माझ्या सर्वाधिक चुका याच सीमेवर झाल्या.

अस्थिभंग खरोखर निश्चित झाला असता तर काय, हेही सांगतो, कारण पुढच्या आठवड्यात तसा चार्ट तुमच्यासमोर येईलच. बाहेरच्या घोट्याचा, म्हणजे लॅटरल मॅलिओलसचा अस्थिभंग एस ८२.६ मध्ये आणि आतल्या, मेडियल मॅलिओलसचा एस ८२.५ मध्ये. दोन्ही मोडले तर दोन कोड जोडायचे नसतात; बायमॅलिओलरसाठी एस ८२.८४ आणि पाठीमागची कडाही मोडली तर ट्रायमॅलिओलरसाठी एस ८२.८५ असा एकच कोड असतो. डॉक्टरांनी ‘मॅलिओलस’ न म्हणता फक्त ‘फिब्युलाचे खालचे टोक’ म्हटले असेल, तर एस ८२.८३ हा वेगळा गट आहे. निव्वळ ‘घोट्याचा अस्थिभंग’ एवढीच नोंद एस ८२.८९ कडे नेते. तेथे थांबण्यापूर्वी मात्र एक्स-रेचा अहवाल वाचावा: उपचार करणाऱ्या डॉक्टरने अस्थिभंगाचे निदान केलेले असेल, तर तो नेमका कुठे आहे हे रेडिओलॉजिस्टच्या अहवालातून घेता येते. येथे नवे निदान जन्माला येत नाही, झालेल्या निदानाची जागा स्पष्ट होते. तुमच्या चार्टमध्ये आपत्कालीन डॉक्टरने अस्थिभंग म्हटलेच नव्हते, म्हणून हा मार्ग तुम्हाला खुला नव्हता.

हाड सरकले आहे की नाही याची नोंद नसेल तर सरकलेले धरावे, आणि उघडा की बंद हे लिहिलेले नसेल तर बंद धरावा, असे सूचना सांगतात. या दोन गृहीतांची दिशा परस्परविरुद्ध आहे, एक गंभीरतेकडे तर दुसरे सौम्यतेकडे झुकते, म्हणून ती घोटूनच घ्यावी लागतात. तुम्ही एस ८२.६४, म्हणजे ‘न सरकलेला’ निवडला होता. अहवालात त्याविषयी एक अक्षर नव्हते, त्यामुळे अस्थिभंग निश्चित झाला असता तरी तो कोड टिकला नसता, ८२.६१ घ्यावा लागला असता. शिवाय हे कोड पाच चिन्हांचे आहेत, म्हणून सातव्या चिन्हाआधी ‘एक्स’ भरावा लागतो. बायमॅलिओलरचे कोड सहा चिन्हांचे असल्याने तेथे तो लागत नाही. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये फिब्युलाच्या खालच्या वाढ-पट्टीचा साल्टर-हॅरिस अस्थिभंग एस ८९.३ मध्ये जातो. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या वृद्धेचा घोटा उंबऱ्याला अडखळून मोडला असेल, आणि निरोगी हाड एवढ्याने मोडले नसते असे असेल, तर एस ८२ सोडून एम ८०.०७ कडे जावे लागते. हा शेवटचा नियम सर्वाधिक दुर्लक्षित आहे. त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते, कारण तिचा हाडांचा आजार नोंदीतून नाहीसा होतो.

सातव्या चिन्हाकडे येतो. ‘ए’ म्हणजे पहिली भेट आणि ‘डी’ म्हणजे पुढची भेट, असे शिकवणीत सांगितले जाते आणि तेथेच गोंधळ सुरू होतो. भेट कितवी आहे किंवा डॉक्टर नवा आहे का, यावर हे चिन्ह ठरत नाही. रुग्णावर सक्रिय उपचार चालू आहेत की तो भरून येण्याच्या टप्प्यात आहे, यावर ते ठरते. त्याच किंवा दुसऱ्या डॉक्टरकडून चाललेले मूल्यमापन आणि उपचार हेही सक्रिय उपचारांतच मोडतात. तुमच्या रुग्णाच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी ‘सुधारणा नाही, शस्त्रक्रियेची गरज ठरवण्यासाठी एमआरआय’ असे लिहिले आहे. म्हणून ऑडिटने ‘डी’ खोडून ‘ए’ केले ते मला मान्य आहे. हाच रुग्ण सहाव्या आठवड्यात व्यवस्थित चालू लागला असता आणि केवळ पाहणीसाठी आला असता, तर तुमचा ‘डी’ बरोबर ठरला असता. अस्थिभंगात ही अक्षरे आणखी वाढतात: उघड्या अस्थिभंगाच्या गुस्टिलो प्रकारानुसार (जखमेच्या तीव्रतेनुसार) ‘बी’ आणि ‘सी’, बंद अस्थिभंग उशिरा भरत असेल तर ‘जी’, न जुळल्यास ‘के’, वाकडा जुळल्यास ‘पी’. दुखापतीनंतरच्या देखभालीसाठी झेड गटातील आफ्टरकेअरचे कोड वापरू नयेत. ते काम सातवे चिन्हच करते.

आता एक्स-रे. सीपीटीमध्ये (तपासण्या व उपचारांच्या कोडच्या यादीत) घोट्याच्या दोन व्ह्यूंसाठी ७३६०० आणि किमान तीन व्ह्यूंच्या पूर्ण तपासणीसाठी ७३६१० आहे. पावलासाठी तसेच ७३६२० आणि ७३६३०. समोरून, बाजूने आणि मॉर्टिस (पाय किंचित आत वळवून), हे घोट्याचे नेहमीचे तीन व्ह्यू. पावलाचा काही भाग घोट्याच्या फिल्ममध्ये दिसतोच, म्हणून तुम्ही पाऊल त्यातच धरले. मात्र पावलाची मागणी स्वतंत्र होती, तीन व्ह्यू स्वतंत्र घेतले गेले आणि निष्कर्षही स्वतंत्र लिहिला गेला. त्यामुळे ७३६३० सुटणे ही थेट कमी नोंद आहे. व्ह्यूंची संख्या अहवालातून घ्यावी, तंत्रज्ञाने किती प्रतिमा साठवल्या त्यावरून नव्हे. ‘अनेक व्ह्यू’ असे मोघम लिहिले असेल तर विचारणा करावी, तीन असतीलच असे समजू नये. घोट्याच्या एकाच व्ह्यूला स्वतंत्र कोड नाही, तेथे ७३६०० ला ५२ मॉडिफायर (सेवा कमी झाली हे सांगणारी दोन चिन्हांची जोड) जोडतात. डॉक्टरने स्वतः हाताने घोटा ताणून धरून फिल्म घेतली असेल तर त्या कृतीसाठी ७७०७१ आहे. रुग्णालयातील यंत्रावर काढलेल्या फिल्मच्या वाचनासाठी रेडिओलॉजिस्टच्या क्लेमवर २६ आणि बाजूसाठी आरटी लागतो.

पावलाची फिल्म मुळात का मागवली, हे डॉक्टरांच्या नोंदीत आहे, आणि ते वाचण्याची सवय लावून घ्यावी. कॅनडात इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेले ओटावा नियम आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या कोणत्याही उंचवट्याच्या मागच्या कडेला खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये किंवा टोकाशी दाबल्यावर दुखणे, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळी चार पावलेही टाकता न येणे, यांपैकी काही असेल तर घोट्याचा एक्स-रे. पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या नेव्हिक्युलर हाडावर दुखत असेल तर पावलाचाही. क्लेम नाकारला गेला तर अपीलमध्ये हीच वाक्ये उपयोगी पडतात. तुमच्या डॉक्टरांनी ती नेमकी लिहिली आहेत.

एमआरआयची चूक सर्वात सोपी आहे. खालच्या अवयवाच्या सांध्यासाठी ७३७२१ आणि सांध्याव्यतिरिक्त भागासाठी ७३७१८ असे दोन स्वतंत्र गट आहेत. घोटा हा सांधा आहे, म्हणून कॉन्ट्रास्टशिवाय ७३७२१. मांडीचा किंवा पिंडरीचा असता तर ७३७१८. कॉन्ट्रास्ट सांध्यात टोचून केलेला एमआरआय ‘कॉन्ट्रास्टसह’ धरला जातो, तेव्हा ७३७२२, आणि घोट्यातील त्या इंजेक्शनसाठी २७६४८ वेगळा. सीटीमध्ये सांधा आणि इतर भाग असा भेद नाही. खालच्या अवयवासाठी ७३७००, ७३७०१ आणि ७३७०२ एवढेच.

स्प्लिंटसाठी तुम्ही कोड दिलाच नाही आणि ऑडिटनेही तो शेरा मारलेला नाही, तरी सांगतो. डॉक्टरने प्लास्टरचा स्प्लिंट तयार करून बांधला, म्हणून २९५१५ जातो, आणि त्या दिवशीच्या तपासणीच्या कोडला २५ मॉडिफायर (ती तपासणी स्वतंत्र होती हे सांगणारा) लागतो. तयार पट्टा किंवा वॉकिंग बूट नुसता घालून दिला असता तर २९५१५ लागू झाला नसता. बास्केटबॉलसाठी वाय ९३.६७ पहिल्या भेटीतच एकदा द्यावा. तो राष्ट्रीय पातळीवर सक्तीचा नाही, पण राज्य किंवा विमा कंपनी मागू शकते.

दुरुस्त चार्ट पाठवताना आपत्कालीन डॉक्टरांच्या क्लेमवर एस ९३.४९१ ए आणि वाय ९३.६७ ठेवा, सोबत २५ सह तपासणीचा कोड आणि २९५१५. एक्स-रेच्या क्लेमवर एम २५.५७१ सोबत ७३६१० आणि ७३६३०, दोन्हींना २६ आणि आरटी. एमआरआयच्या क्लेमवर एस ९३.४९१ ए सोबत ७३७२१, तसेच मॉडिफायर लावून. अव्हल्शनविषयी तुमच्या मनात शंका असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लेखी विचारा. पण ‘अव्हल्शन फ्रॅक्चर होते ना?’ असे उत्तर सुचवणारे विचारू नका. अहवालातील वाक्य जसेच्या तसे उद्धृत करा आणि ‘आपल्या मूल्यमापनानुसार या निष्कर्षाचे वैद्यकीय महत्त्व कृपया नोंदवावे’ एवढेच लिहा. त्यांनी अस्थिभंग निश्चित केला, तर तो त्यांच्या भेटीच्या क्लेमवर जाईल. आपत्कालीन विभागाच्या त्या दिवसाच्या क्लेमवर तो तरीही मागे जाऊन लावायचा नाही.